दारूचा रुग्ण आणि डॉक्टरांचे अपुरे शिक्षण

मद्यप्राशनाचा संशय असलेल्या इसमाला पोलीस सरकारी रुग्णालयात घेऊन येतात, तेव्हा ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्याने काय करावयाचे, हे महाराष्ट्रात ठरून गेलेले आहे. श्वासाला वास येतो काय, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या आहेत काय, बोलणे अडखळते काय, चाल डळमळते काय, हे त्याने पाहावयाचे; जरूर तर रक्ताचा नमुना घ्यावयाचा आणि दाखला लिहून द्यावयाचा. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा; त्याखालील वैद्यकीय तपासणीचे नियम १९५९ सालचे. तेव्हापासून आजवर असे असंख्य दाखले लिहिले गेले. परंतु तोच इसम दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यानंतर त्याला ‘रोज किती पिता, कधीपासून पिता, कमी करावीशी वाटते काय’ असे विचारावे, असे कोणताही नियम सांगत नाही; आणि ते कसे विचारावे, याचे शिक्षण बहुतेक डॉक्टरांना मिळालेले नसते. दारूच्या बाबतीत आपल्याकडील डॉक्टर पोलिसांचा साक्षीदार म्हणून तयार झाला. रोग्याचा वैद्य म्हणून तो तयार व्हावयाचा राहिला आहे.

दारूशी डॉक्टरांची दुसरी गाठ पडते ती अगदी शेवटी. कावीळ झालेली, पोटात पाणी साठलेले, रक्ताची उलटी होऊ लागलेली, अशा अवस्थेत रुग्ण वॉर्डात दाखल होतो. विद्यार्थी त्याच्याभोवती जमतात, यकृत हाताला लागते की नाही हे पाहतात आणि परीक्षेसाठी चांगली ‘केस’ मिळाली म्हणून समाधान मानतात. पहिला पेला आणि ही अवस्था यांच्यामध्ये पुष्कळदा दहा, पंधरा, वीस वर्षे गेलेली असतात. या काळात हा माणूस डॉक्टरांना भेटलाच नाही, असे मुळीच नसते. पोटात जळजळ होते, झोप लागत नाही, रक्तदाब वाढला आहे, हात थरथरतात, सायकलवरून पडून खांद्याला लागले, अशा नाना कारणांनी तो गल्लीतल्या दवाखान्याची पायरी चढत राहिलेला असतो. सोमवारी कामावर जाता आले नाही म्हणून रजेला जोडावयाचे सर्टिफिकेटही त्याने तेथूनच नेलेले असते. दर खेपेस त्याला त्या त्या दुखण्यावरची गोळी मिळाली. मूळ दुखण्याचा उल्लेख झालाच असेल तर तो ‘दारू बंद करा’ एवढ्या तीन शब्दांत. आणि तोही ‘तेलकट, तिखट कमी करा’ या सुरात.

प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज आता सरकारी पाहणीतूनच आलेला आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दहा ते पंचाहत्तर या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. ज्यांचे पिणे अपायकारक झाले आहे किंवा जे मद्याच्या पूर्ण आहारी गेले आहेत, अशांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. त्यांपैकी पूर्ण आहारी गेलेले सुमारे २ कोटी ९० लाख. याच पाहणीतील आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. आणि रुग्णालयात राहून उपचार घेण्याचे भाग्य एकशे ऐंशी जणांमागे एकाच्या वाट्याला येते.

केंद्रे पुरी पडणार नाहीत

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रे वाढवा, हा होय. केंद्रे वाढली पाहिजेत, याविषयी दुमत नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात, येरवड्याला सुरू केलेल्या मुक्तांगणने हजारो घरांना आधार दिला आहे. व्यसनी माणूस हा तिरस्काराचा विषय नसून उपचाराचा विषय आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मनावर बिंबवण्यात त्या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. परंतु केंद्राच्या दारापर्यंत जो येतो, तो नोकरी जाऊन, कर्ज होऊन, बायकोचे दागिने गहाण पडून, सर्व मार्ग खुंटल्यावर येतो. शिवाय वर दिलेल्या संख्येतील जवळजवळ निम्मे लोक अद्याप त्या टोकाला पोहोचलेले नाहीत. ते नोकरी करतात, मुलांची फी भरतात, लग्नकार्यांत वावरतात; आपण ‘दारुडे’ आहोत, असे त्यांना वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. अशा माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात जा, असे सांगितले तर तो ते अपमानास्पद मानील. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे मात्र तो जातोच. त्याला वेळीच अडविण्याची संधी मिळते ती तेथेच, आणि वाया जाते तीही तेथेच.

डॉक्टरांच्या चार शब्दांनी काय होणार, असा प्रश्न येथे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर अनुमानावर सोडण्याचे कारण नाही. ते प्रयोगाने पडताळून पाहण्यात आलेले आहे. लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी दारूची समस्या घेऊन आलेल्या शंभर विवाहित पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला त्या काळी उपलब्ध असलेले सर्व उपचार दिले. दुसऱ्या गटातील रुग्णांची पत्नीसह एकदाच सविस्तर भेट घेऊन त्यांना स्पष्ट, सहानुभूतीचा सल्ला दिला आणि निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या स्थितीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने व्यसनोपचाराच्या क्षेत्रात मोठी खळबळ उडविली. उपचार निरर्थक आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे. नीट दिलेला सल्ला हाही एक उपचार आहे, हे त्याने दाखवून दिले.

‘नीट दिलेला’ या शब्दांत सारे मर्म आहे. त्यासाठी लागणारी साधने साधी आणि फुकट आहेत. अमेरिकेतील जॉन यूइंग यांनी रूढ केलेले चार प्रश्न जगभर वापरले जातात. पिणे कमी केले पाहिजे, असे कधी वाटले काय? पिण्यावरून कोणी बोलले तर चीड येते काय? पिण्याबद्दल मनाला अपराधी वाटले आहे काय? सकाळी उठल्यावर हातपाय ठिकाणावर येण्यासाठी घोट घ्यावा लागतो काय? यांपैकी दोन प्रश्नांना होकार आला, तर डॉक्टरने सावध व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावलीही उपलब्ध आहे. तिच्यात चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण झाले, तर पिणे धोक्याच्या पातळीवर गेले असे समजतात. रक्तदाब मोजण्यास लागतो त्याहून फार अधिक वेळ या प्रश्नांना लागत नाही.

गोव्याचा अनुभव

परदेशातील प्रयोग आपल्याकडे कसे चालावेत, ही शंका रास्त आहे. परंतु महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात तिचेही निरसन झाले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांच्या बाबतीत, प्रश्नावलीचा निकाल आणि मार्गदर्शक सूचना आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या हाती देण्यात आल्या. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज समुपदेशनाच्या चारपर्यंत भेटी मिळाल्या. समुपदेशक हे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. ते खास प्रशिक्षण दिलेले सर्वसामान्य स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के होते.

हे आकडे चमत्काराचे नाहीत. शंभरातील साठांहून अधिक लोक समुपदेशनानंतरही धोक्याच्या रेषेपलीकडेच राहिले, हे विसरून चालणार नाही. आणि पूर्ण आहारी गेलेल्या रुग्णाला चार भेटी पुऱ्या पडतील, असा दावाही कोणी करीत नाही. परंतु मधुमेह आणि रक्तदाब यांच्या उपचारांतही आपण शंभर टक्के यशाची अट घालीत नाही. शिवाय ‘आम्हाला वेळ कोठे आहे’ या डॉक्टरांच्या नेहमीच्या तक्रारीलाही या प्रयोगात उत्तर आहे. बाह्यरुग्ण विभागासमोर शंभर माणसांची रांग उभी असताना अर्धा-पाऊण तास एका रुग्णाशी बोला, असे डॉक्टरला सांगणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याने चार प्रश्न विचारावेत, धोका ओळखावा, दोन मिनिटे योग्य शब्दांत बोलावे आणि पुढच्या भेटींसाठी रुग्णाला शेजारच्या खोलीतील प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे पाठवावे. मात्र ही साखळी सुरू व्हावयाची तर पहिली कडी डॉक्टरचीच लागते. कोणाला पाठवावयाचे, हे त्यालाच ओळखता आले नाही, तर ती शेजारची खोली रिकामीच राहील.

विचारण्याची विद्या

हे शिक्षण म्हणजे केवळ माहितीची भर नव्हे. दारूने यकृत बिघडते, हे डॉक्टरांना ठाऊक असते आणि रुग्णालाही ठाऊक असते. अडते ते वृत्तीपाशी. दारू पिणारा माणूस नीतिभ्रष्ट, खोटारडा आणि उपचारास अपात्र आहे, ही समाजाची समजूत वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकापाशी गळून पडत नाही. ‘मरायचेच असेल तर माझा वेळ कशाला घेता’ हे वाक्य अनेक रुग्णांनी ऐकलेले असते. ते ऐकून कोणाची दारू सुटत नाही. सुटतो तो दवाखाना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्या साहाय्याने विकसित केलेली मुलाखतीची पद्धत नेमकी याच्या उलट चालते. रुग्णाशी वाद घालावयाचा नाही. त्याच्या स्वतःच्या मनात जी द्विधा असते, तीच त्याच्याकडून वदवून घ्यावयाची. ‘पिणे तुम्हाला आवडते हे दिसतेच, त्यातले काय नकोसे झाले आहे?’ असा प्रश्न विचारला की पुष्कळदा माणूस आपणहून मुलीच्या भेदरलेल्या चेहऱ्याविषयी बोलू लागतो. हे कसब जन्मजात नसते. नाडी पाहावयास शिकवितात, त्याप्रमाणेच तेही शिकवावे लागते, आणि शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णाशी बोलूनच ते साध्य होते. पिणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर ही गरज दुणावते. कारण लोकलज्जेने त्यांचे दुखणे अधिक खोल दडलेले असते आणि त्यांना विचारावे, हे डॉक्टरांना सुचतही नाही.

अज्ञानाची किंमत कधी कधी प्राणानेच मोजावी लागते. मांडीचे हाड मोडले म्हणून दाखल झालेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाएकी थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, सलाइन उपटून टाकतो. त्याला वेडाचा झटका आला, असे समजून खाटेला बांधून ठेवले जाते. वास्तविक रोजची दारू अचानक थांबल्याने उद्भवणारी ही ओळखीची अवस्था असते. दाखल करताना एक प्रश्न विचारला असता, वेळीच डायझेपामसारखे औषध आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व दिले असते, तर ती बहुधा टळली असती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने देशभरची मद्यविक्री एका रात्रीत थांबली, तेव्हा ही उणीव सर्वांसमोर आली. केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्यावर तेथील सरकारने ३० मार्च रोजी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचा विरोध योग्यच होता. अशा रुग्णाला औषध द्यावयाचे असते, बाटली नव्हे. परंतु ते औषध देऊ शकणारा डॉक्टर गावोगाव उपलब्ध असता, तर सरकारला असला आदेश सुचलाच नसता.

जेथे डॉक्टर नाही, तेथे भोंदूपणाला मोकळे रान मिळते. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत आढळतात. गांजलेली पत्नी नाइलाजाने कसलीशी पूड आणून नवऱ्याच्या भाजीत कालवते. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने मद्य घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. क्वचित मृत्यूही ओढवतो. रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखाली दिले, तर ते उपयोगी पडते. चोरून दिले, तर तो जिवाशी खेळ ठरतो. त्या पत्नीला दोष देणे सोपे आहे. तिने प्रथम ज्या डॉक्टरला विचारले असेल, त्याने तिला काय सांगितले, हा खरा प्रश्न आहे.

कायदा आहे, अंमल हवा

काहींच्या मते या साऱ्या खटाटोपाऐवजी दारूबंदी हाच खरा उपाय आहे. बंदीचा वाद जुना आहे आणि तो येथे सोडविण्याचे कारण नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असो वा नसो, ज्याच्या शरीराला मद्याची सवय जडली आहे, त्याला डॉक्टरची गरज उरतेच. बंदीच्या दुसऱ्या दिवशी तर ती अधिकच असते.

अभ्यासक्रमाकडे पाहिले तर चित्र उत्साहवर्धक नाही. एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. त्यावरील थोडे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या पेपरात सामावलेले असतात. जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत, हे शिक्षकवर्गाला वेगळे सांगावयास नको. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद, वृत्ती आणि नीती यांना स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. त्या तासांत मद्य घेणाऱ्या रुग्णाशी बोलणे अनिवार्य करावे आणि परीक्षेत त्याची प्रात्यक्षिक कसोटी घ्यावी, यासाठी नवा विभाग वा नवी इमारत लागत नाही.

सेवेत असलेल्या डॉक्टरांचे काय? त्याविषयी कायदाच स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. सार्वजनिक आरोग्य संस्थांतील आणि तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे, हे सरकारचे किमान कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे. वाट दाखविणारेही आहेत. बंगळूरची निम्हान्स संस्था २०१४ पासून दूरदृश्य माध्यमातून दूरवरच्या डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांची चर्चा करीत व्यसनोपचाराचे शिक्षण देत आली आहे. त्यासाठी कोणाला दवाखाना बंद ठेवून शहर गाठावे लागत नाही.

याच कायद्यात मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असेही म्हटले आहे. तरीही मद्यासक्तीवरील उपचार आणि तिचे परिणाम वगळणारे कलम आरोग्यविम्याच्या पॉलिसींत सर्रास आढळते. परिणाम असा की, केसपेपरवर ‘मद्य घेतो’ एवढे लिहिले गेले तरी दावा अडेल, या भीतीने नातेवाईक डॉक्टरांना हात जोडतात. भला डॉक्टर ते लिहीत नाही आणि पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपविणाऱ्याला लाभ, अशी ही व्यवस्था आहे. ती कायम ठेवून डॉक्टरांना प्रश्न विचारावयास शिकविणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. विमा नियामकाने आणि केंद्र सरकारने ही विसंगती दूर केली पाहिजे.

महाराष्ट्र सरकारला मद्यावरील करातून दरवर्षी मोठे उत्पन्न मिळते. त्यातील एक लहानसा, पण निश्चित वाटा या प्रशिक्षणासाठी आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका प्रशिक्षित समुपदेशकासाठी राखून ठेवावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. २०१७ चा कायदा २०१८ पासून अमलात आहे. तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्यातील किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण मिळाले, किती रुग्णांना मद्याविषयी विचारले गेले आणि त्यांपैकी किती पुन्हा भेटीला आले, हे आरोग्य खात्याने दरवर्षी तालुकावार जाहीर करावे. पोलिसांसाठी लिहिलेल्या दाखल्यांची नोंद सरकार ठेवतेच. रोग्यांसाठी विचारलेल्या प्रश्नांची नोंदही त्याच काटेकोरपणे ठेवली जावी.